समुद्राकाठचे रोडगे

दिवाळीच्या सुट्टीत आमचं सगळं घर समुद्रावर गेलं होतं. त्या सहलीची आठवण निघाली की मला आजही ओलसर शेणाचा वास येतो. दादाने वर्ध्याहून कोकणात गोवऱ्या नेल्या होत्या. पोतंभर! आगगाडीच्या एसी डब्यात, माझ्याच बर्थखाली.

"समुद्रावर जाऊन रोडगे नाई केले तं मंग कायची ट्रिप?" हे दादाचं म्हणणं. आमच्या नालवाडीत चार माणसं जमली की रोडगे ठरलेलेच. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. शेतात, आंब्याखाली, मलाही ते आवडतं. पण म्हणून एवढ्या लांब शेण घेऊन जायचं?

"तुले कायची बी किळसच येते," दादा म्हणाला. त्याच्या दुकानाशेजारचा मित्र सहकुटुंब आमच्यासोबत होता, तो यावर पोट धरून हसला. खरं तर त्याच्या पायमोज्यांनीच निम्मा डबा हैराण होता.

आईने सत्तरीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. सगळे पत्ते कुटत असताना ती माझ्याकडे सरकून हळूच म्हणाली, "मले एक डाव त्या पान्यात उभं राहाचं आहे. गुडघ्याचा भरोसा नाई. तू फक्त माह्या हात धरजो." दादाला सांगितलं असतं तर त्याने त्याचीही थट्टा केली असती. मी हो म्हटलं.

आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला परतीची गाडी ठरली होती. म्हणजे हातात एकच दिवस. त्या दिवशी सकाळी, आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकाने दादाला बजावलं की किनाऱ्यावर जाळ चालणार नाही, काय करायचं ते घराच्या मागच्या अंगणात करा. झालं! समुद्र पुढे, आमची चूल मागे, आणि मधे अख्खं घर. त्यात गोवऱ्या खाऱ्या हवेने सादळलेल्या. पेटता पेटेनात. दादा आणि मित्र फुंकून फुंकून लाल झाले आणि मग नेहमीसारखी हाक गेली, "आई, तूच पाह्य वं."

आई स्टुलावर बसली ती बसलीच. डोळे धुराने गळत होते. "होऊ दे, मंग जाऊ," ती मला म्हणाली.

तोवर चांगली जागा शोधावी म्हणून मी किनाऱ्यावर गेले. शी! लाटांबरोबर वेफर्सची पाकिटं येत होती, कुणाच्या तरी बाळाचा लंगोट फुगून लोळत होता, मेलेल्या माशावर माशा घोंगावत होत्या. दादा आणि मित्र, आमचे दोन वीर, चड्डीवर पाण्यात उतरले होते आणि मित्र तिथेच, गुडघाभर पाण्यात, खाकरून थुंकत होता. माझ्या घोट्याला काहीतरी बुळबुळीत चिकटलं. मी धावत घरी आले आणि दोनदा साबण लावून आंघोळ केली.

जेवायला चार वाजले. रोडगे वरून करपलेले, आत कच्चे, आणि प्रत्येक घासाला तो वास. मित्राने नऊ हाणले. तूप त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं होतं आणि तो ते चाटत होता. माझी अन्नावरची वासनाच उडाली.

पाचच्या सुमारास आई हात धुऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. लुगडं आधीच थोडं वर खोचलेलं होतं. "चाल न," ती म्हणाली.

आणि मी म्हटलं, "आई, तिथं पाय ठेवाले जागा नाई वं. नुसती घाण आहे. उद्या सकाळी दुसऱ्या जागी जाऊ."

उद्या सकाळ नव्हती. हे मला माहीत होतं, आणि तिलाही.

"बरं," ती म्हणाली आणि खरकटी भांडी घासायला मागे गेली. दिवसभर मी एकेकाला नावं ठेवली होती. त्या सगळ्या गोतावळ्यात मला आज सर्वांत जास्त किळस माझ्या त्या वाक्याची येते.

नालवाडीला परतल्यावर मोरीत बसून मी सगळ्यांचे कपडे धुतले. दादाच्या खिशांतून मूठमूठ वाळू निघाली. पोरांच्या चड्ड्यांतून, वहिनीच्या ओढणीतून, माझ्या सलवारीच्या दुमडीतूनही निघाली. आईचं लुगडं बादलीत बुडवलं तर पाणी राखेने काळं झालं.

आई दारात उभी होती. मोरीच्या तोंडाशी साबणाच्या फेसात, केसांच्या गुंत्यात वाळूचा लहानसा ढीग साचला होता. मी तो खराट्याने लोटणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांब न." वाकून तिने चिमूटभर वाळू उचलली, बोटांत चोळून पाहिली. "बारीक आहे वं. आपल्या नदीची जाडी राह्यते."

मग तिने चप्पल काढली, त्या ढिगावर एक पाय ठेवला आणि माझ्याकडे हात केला.

मी धरला.