सरांची बासरी

सक्षमीकरण हा शब्द दिवसातून चाळीस वेळा उच्चारूनही ज्याची जीभ झिजली नाही, असा माणूस पृथ्वीतलावर एकच असेल, आणि तो माझ्याच वाट्याला यावा! आमचे सर. खेड्यातल्या बायकांना व्हिडिओ काढायला शिकवायचं आणि त्यांचा आवाज जगापुढे न्यायचा, हे त्यांचं काम. मी बिरवाडीची, दर मार्चला चवदार तळ्याच्या काठी पुस्तिका विकत मोठी झालेली. मला वाटलं, हा आपला माणूस. म्हणून त्यांची मदतनीस झाले आणि पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत त्यांच्यामागून कॅमेऱ्याची तिवई वाहू लागले.

"कॅमेरा तुमचाच आहे, ताई," असं म्हणत ते त्याचा पट्टा स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन ठेवत. बायकांनी मनमोकळं बोलावं म्हणून काय बोलायचं ते आधीच लिहून देत. चहासुद्धा सरळ पीत नसत; बोटांचा चौकोन करून त्यातून कपाकडे इतका वेळ बघत, की चहावर साय धरे. एकदा वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीला म्हणाले, "आजी, जरा फ्रेममध्ये या."

आजी भडकली. "फ्रेममदी तुझा बापूस जाऊ दे! हार घालायला टपलायस काय रे? मी अजून दोन हंडे वर आणते!"

"तंत्रज्ञानाची भीती," सर माझ्या कानात म्हणाले. भीती! भिंतीवरच्या फ्रेममध्ये कोण जातं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मनातल्या मनात मी रोज सरांविरुद्ध एक पत्रक लिहीत होते.

वाडीत नळ बसले होते, कागदावर योजना पूर्ण होती, फक्त पाणी नव्हतं. बायकांना ते ग्रामसभेत दाखवायचं होतं. त्यांच्यातल्या सिंधूताईनं सरपंचांना कॅमेऱ्यासमोर गाठून विचारलं, "नळ बसवलात, मोटार कुठं हाय?" सरपंच नुसते घाम पुसत राहिले.

सरांनी फिल्म जोडून आणली. डोंगर, हंडे, संथपणे उडणारे पदर आणि सगळ्यावर बासरी. प्रश्न गायब!

"सूर नकारात्मक होत होता," सर म्हणाले. "फिल्म महोत्सवात असं चालत नाही."

"ही बासरी कोन वाजवतोय?" सिंधूताईनं विचारलं. "पानी नाय म्हणून वाजवतोय काय?"

"गो, त्याच्या नळाला पानी असंल," आजी म्हणाली.

बायका पोट धरून हसल्या. सर लालबुंद. मला वाटलं, आता पिशवी उचलून चालते होतील. पण ते खाली जमिनीवर बसले, लॅपटॉप सिंधूताईच्या मांडीवर ठेवला आणि कुठलं बटण दाबायचं एवढंच सांगितलं. तिनं बासरी उडवली, प्रश्न परत बसवला.

ग्रामसभेत सरपंचांचा तो घाम सगळ्या गावानं भिंतीएवढा पाहिला. पंधरवड्यात मोटार आली.

पाणी आलं त्या सकाळी सिंधूताई नळाचं चित्रण करत होती. तेवढ्यात सर निरोप घ्यायला आले. त्यांचा प्रकल्प संपला होता. तिनं कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. "बोला की सर, हितं काय शिकलात?"

सरांनी पिशवी खाली ठेवली. मग वाकून नळाखाली ओंजळ धरली आणि तोंड धुवायला लागले. आम्ही सगळ्या थांबलो. सिंधूताईनंही घाई केली नाही. तोंड धुवायला एवढा वेळ लागत नाही.