समोरच्याची खुर्ची

आमच्या वकीलबाईंकडे खटला घेऊन आलेल्या माणसाला आधी स्वतःच्या विरुद्ध बोलावं लागे. नागपूरच्या नंदनवन भागातल्या घराच्या खालच्या खोलीत बाईंचं ऑफिस होतं. टेबलापलीकडे दोन खुर्च्या. अशील उजवीकडच्या खुर्चीत बसून आपली कहाणी सांगे. ती संपली की बाई डावीकडच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणत, "आता इकडे या. आता तुम्ही समोरची पार्टी. सांगा, तुमचं काय म्हणणं आहे?" हे झाल्याशिवाय वकीलपत्रावर सही नाही, आणि चहाही नाही.

कित्येक अशील याच टप्प्यावर उठून जात. एक जण तर दारातून ओरडून गेला, "माझा वकील हवा म्हणून आलो, समोरच्याला फुकटात वकील कशाला पुरवू?" बाई शांतपणे तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "बरं झालं," त्या मला म्हणाल्या. "याला समोरचा दिसतच नाही. कोर्टात याला समोरचा मी कुठून दाखवणार होते?" मी मनातल्या मनात म्हटलं, अशा वेगानं अशील जात राहिले तर मला तरी कोर्ट कोण दाखवणार.

मी नुकताच कायद्याची परीक्षा पास होऊन त्यांच्याकडे शिकायला आलो होतो. कॉलेजातल्या खोट्याखोट्या खटल्यांच्या स्पर्धेत मला एक करंडक मिळाला होता आणि त्या करंडकाचं वजन माझ्या चालण्यात दिसत असे. पहिल्याच दिवशी बाईंच्या मागोमाग कोर्टरूममध्ये शिरलो आणि समोर बसलेल्या गृहस्थांना कमरेतून वाकून नमस्कार केला. ते स्टेनोग्राफर निघाले. न्यायाधीश अजून यायचे होते. स्टेनोग्राफरनीही तितक्याच गंभीरपणे उठून मला नमस्कार केला, आणि तेव्हापासून ते मला कॉरिडॉरमध्ये दिसले की आधी वाकतात. बाईंनी तेव्हापासून माझं नाव टाकून दिलं. वकील एकमेकांना भर कोर्टात 'माझे विद्वान मित्र' म्हणतात. बाईंनी त्यातलं 'विद्वान' तेवढं माझ्यासाठी ठेवून घेतलं.

"काय गा विद्वान, नोटीस झाली का लिहून?"

नोटीस झालेली असे. ती वाचताना बाईंची पेन्सिल चालू लागे. माझ्या पहिल्या नोटिशीत समोरच्यानं 'हेतुपुरस्सर, दुष्टबुद्धीने, निर्दयपणे व समाजविघातक रीतीने' आमच्या अशिलाच्या अंगणात म्हैस बांधली होती. बाईंनी चष्मा काढून मला विचारलं, "तू शेजाऱ्याच्या म्हशीबद्दल लिहून राहिला की महिषासुराबद्दल?" शेवटी कागदावर एवढंच उरलं की म्हैस अंगणात बांधली आहे, ती सोडून न्यावी. म्हैस आठवड्याच्या आत गेली. मला त्या नोटिशीचा अभिमान वाटला नाही, कारण तिच्यात माझं असं काहीच राहिलं नव्हतं.

बाई कोर्टात जात त्या स्कूटरवरून. डोक्याला, तोंडाला ओढणी घट्ट बांधलेली, वर हेल्मेट, हँडलला लटकलेला काळा कोट. मी मागे, मांडीवर फायलींचा गठ्ठा. सिग्नलला थांबलं की त्या मागे न वळता प्रश्न विचारत. "समोरच्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा कोणता?" मी आमचाच मजबूत मुद्दा सांगे. सिग्नल सुटे. पुढच्या सिग्नलला तोच प्रश्न. नागपुरात सिग्नल पुष्कळ आहेत.

ज्या अशिलांना डावीकडच्या खुर्चीत बसणं जमत नसे, त्यांच्यासाठी बाईंनी मला तिथे बसवायला सुरुवात केली. आणि इथे माझं एक वेगळंच गाडं रुळावर आलं. कोर्टाची भाषा बोलायला लागलो की मी प्रत्येक शब्दाला अडखळायचो. पण डावीकडच्या खुर्चीत मी वकील नसे. कोणाचा तरी दीर, भाडेकरू, नवरा, शेजारी असे, आणि ती माणसं आमच्या उमरेडच्या घरात बोलतात तशी बोलत. आमच्या आजोबांनी हातमाग चालवला, वडील नागपूरच्या मिहान औद्योगिक वसाहतीत एका कंपनीचं स्टोअर सांभाळतात, पण घरातली बोली तीच. त्या बोलीत मी असा काही भांडायचो, की खरा अशील उजवीकडच्या खुर्चीतून मला मारायला उठे. बाई खूश. "समोरचा म्हणून तू एकदम फर्स्ट क्लास आहे गा," त्या म्हणत. "आपल्या बाजूनं कधी बोलशील ते देव जाणे."

अशातच भिवापूरकडच्या एका गावाहून वच्छलाबाई आल्या. नवरा गेलेला, शेतात मिरची. मिरची तोडून अंगणात ढीग घातलेला आणि वाळवायचं खळं शेताच्या पलीकडे. खळं घराण्याचं सामाईक, पण तिथे जायची वाट दिराच्या शेताच्या कडेनं. दीर, देवाजी, त्यानं त्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं होतं. खालच्या कोर्टात तातडीचा अर्ज फेटाळला गेला, म्हणून नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अपील करायचं होतं.

"मिरची ओली आहे बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "ढिगात राह्यली त काळी पडते, बुरशी धरते. मंग कोनी फुकटातबी नेत नाई. वर्सभराचं तेच आहे आमचं."

बाईंनी डावीकडच्या खुर्चीकडे बोट केलं.

"त्या मुडद्याच्या तर्फेनं मी बोलू?"

"बोला."

वच्छलाबाई पदर खोचून डावीकडे बसल्या. "मी देवाजी," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "माही वहिनी लय खतरनाक बाई आहे. कोनाचं ऐकत नाई. तिच्या ट्रॅक्टरनं माही पाइपलाइन फोडली. नवी टाकली होती. दुरुस्त केली त पुन्हा फोडली. पान्याची पाळी गेली, चिखलात माहा गहू बसला. सांगाले गेलो त घरच्यांसमोर माह्यावरच खेकसली." 

बाईंनी शेंग सोलता सोलता विचारलं, "फुटली का पाइपलाइन?"

"फुटली असंल. ट्रॅक्टरवाल्यानं फोडली. मी थोडी फोडली?"

"खेकसली का?"

"मिरचीच्या घाईत होती मी."

"दुरुस्त करून द्याल?"

वच्छलाबाई उठून पुन्हा उजवीकडच्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "वाट खुली झाली त देईन. खोल गाडून देईन." बाईंनी आत वळून चहा सांगितला.

सुनावणीच्या आधीची संध्याकाळ मी डावीकडच्या खुर्चीत देवाजी होऊन काढली. बाई मला प्रश्न विचारून विचारून दमवत होत्या आणि मी त्यांना पाइपलाइनवरून हलू देत नव्हतो.

सुनावणीच्या सकाळी बाईंचं दुसरं प्रकरण हायकोर्टात अडकलं. मोबाइलवर निरोप आला, 'जाऊन पासओव्हर घे.' म्हणजे एवढंच की उभं राहायचं, वकीलबाई दुसऱ्या कोर्टात आहेत, प्रकरण थोड्या वेळानं घ्यावं, असं सांगायचं आणि बसायचं. ज्युनिअरला याहून सोपं काम कोणी देत नाही. मी ते आरशासमोर पाठही केलं होतं.

न्यायाधीशांनी फाइल उघडली. "मिरची सडते आहे असं अपिलात तुम्हीच लिहिलंय. मग थांबायचं कशाला? तुम्ही चालवा."

"मी, साहेब?"

"कोट तुम्हीच घातलाय."

मागच्या बाकावर वच्छलाबाई आणि दोन बाकं सोडून देवाजी बसलेला. मी सुरुवात केली, "सविनय सादर करण्यात येते की..." आणि पुढे काही सादर होईना. करंडक आठवला, उपयोग झाला नाही. डोक्यात हे प्रकरण अक्षरन् अक्षर पाठ होतं, पण ते एकाच खुर्चीतून. घाबरलेल्या माणसाला जी भाषा येते ती बाहेर पडली.

"साहेब, गोष्ट पाइपलाइनची आहे. नवी पाइपलाइन टाकली. ट्रॅक्टर आला, फुटली. दुरुस्त केली, पुन्हा फुटली. सांगाले गेलो त खेकसून राहिली. मानसानं करावं काय? कुंपन घातलं."

"कोणी घातलं?"

"मी, साहेब."

न्यायाधीशांनी फाइलचं पहिलं पान पुन्हा पाहिलं. स्टेनोग्राफरनी हात थांबवले. पण मला आता थांबता येत नव्हतं. बोलणं इतकं सरळ चाललं होतं की आयुष्यात पहिल्यांदा कोर्ट मला घाबरवत नव्हतं. पाण्याची पाळी, चिखल झालेलं गव्हाचं वावर, घरच्यांसमोर झालेला अपमान, सगळं मी मांडलं. समोरच्या बाजूचे ज्येष्ठ वकील गालातल्या गालात हसत उठले आणि म्हणाले, "माझ्या विद्वान मित्रांच्या युक्तिवादाशी मी शब्दशः सहमत आहे. यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

कोर्टरूममध्ये खसखस पिकली. मागून वच्छलाबाईंचा आवाज आला, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "काहून गा, तू कोनाचा वकील होय?"

तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो ते. समोर न्यायाधीशांचं पेन उचललेलं. अंगणातला तो लाल ढीग मी कधी पाहिला नव्हता, पण त्या क्षणी तो मला काळा पडताना दिसला.

आणि दारात बाई उभ्या. धापा टाकत, गळ्यातला वकिली पांढरा बँड तिरपा. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्या सरळ पुढे आल्या, माझ्या हातातली फाइल घेतली आणि म्हणाल्या, "साहेब, समोरच्या पक्षाची बाजू माझ्या ज्युनिअरनं मांडली आहे. ती पूर्ण आहे, भर घालण्यासारखं काही नाही, असं त्यांचे वकीलही म्हणाले. तेवढं कृपया नोंदवून घ्यावं. म्हणजे मी उत्तर देते."

ज्येष्ठ वकिलांचं हसू ओठांवरच राहिलं.

"तक्रार पाइपलाइनची आहे आणि ती खरी आहे," बाई म्हणाल्या. "माझी अशील पाइपलाइन दुरुस्त करून देईल आणि वाटेखाली खोल गाडून देईल. तसं लिहून देते. आता कुंपणाला दुसरं कारण उरलंय का, ते त्यांनी सांगावं."

दुसरं कारण नव्हतं. असतं तर ते मीच सांगितलं असतं. वाट खुली करण्याचा हुकूम तिथेच झाला.

बाहेर आल्यावर मी भिंतीशी उभा राहून बोलणी खायची तयारी केली. बाई म्हणाल्या, "विद्वान, तुझ्या युक्तिवादात विशेषणं नव्हती." मग कॅन्टीनच्या दिशेनं चालता चालता: "वकील मात्र चुकीच्या माणसाचा."

दुसऱ्या दिवशी हुकमाची प्रत घेऊन बाई स्वतः गावाला निघाल्या आणि मलाही बसमध्ये घातलं. एरवी त्या जात नसत. आम्ही पोचलो तेव्हा देवाजी वाटेवर उकिडवा बसून पक्कडीनं तार सोडवत होता. हुकूम बजावणारा बेलिफ अजून यायचा होता. बाईंनी देवाजीला प्रत दाखवली, तर त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघितलं.

"साहेब, तुमाले कसं ठाऊक का चिखलात माहा गहू बसला?"

"तुमच्या वहिनींनी सांगितलं."

"तिनं?" त्यानं पक्कड खाली ठेवली. अंगणात वच्छलाबाई बायकांना घेऊन टोपल्या भरत होत्या. ढिगाच्या तळची मिरची डागाळली होती, वरची लालबुंद होती. "माह्या वकिलानं मले कधी पुसलंच नाई. तारखेले ये, इथं सही कर, एवढंच. घरीबी कोनी ऐकलं नाई." मग पुन्हा पक्कड उचलून म्हणाला, "हारलो त हारलो. बोलनं त झालं एकदाचं."

पहिली टोपली खळ्याकडे निघाली तेव्हा त्यानं तार बाजूला धरली. वच्छलाबाई त्याच्यासमोरून जाताना थांबल्या नाहीत. पण टोपली रिकामी करून परत येताना म्हणाल्या, "पाइपवाल्याले उद्या बलावलं आहे. तुमी राहजा इथं." देवाजी म्हणाला, "राहतो." बाई हे सगळं बांधावर बसून बघत होत्या आणि कोणी तरी हातात दिलेला चहा पीत होत्या.

मी त्यांच्याकडे आणखी काही वर्षं होतो. हळूहळू योग्य बाजूनं बोलायला शिकलो, फार वेळा चुकलो नाही. मग बाईंनी एका सोमवारी सगळ्या अशिलांना बोलावून फायली वाटून द्यायला सुरुवात केली. वय फार नव्हतं. हात स्थिर होता, स्कूटर चालूच होती. कानाला मशीन लावलेलं आम्हाला माहीत होतं, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे. मी विचारलं, "बाई, कानासाठी कोण प्रॅक्टिस सोडतं? साहेब तर माइकवर बोलतात."

"साहेबांचं ऐकू येते," त्या फाइलची नाडी बांधत म्हणाल्या. "अशील तर ओरडूनच सांगते. समोरचा वकील मात्र साहेबांकडे तोंड करून बोलते. त्याचंच ऐकू येत नाही गा आताशा. मग मी तिथं उभी राहून करू काय?"

त्यांनी गाठ आवळली आणि पुढची फाइल मागितली. मी दिली.