पडवीतली मोटरसायकल आणि भाऊजींची ग्रेड

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी सकाळी, वणीला ताईच्या घराच्या पडवीत, नागपूरहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने भाऊजींच्या जुन्या मोटरसायकलचे चाळीस हजार रुपये सांगितले. हजर होतो आम्ही चौघं : माझी थोरली बहीण, मी, ते गिऱ्हाईक आणि त्याने सोबत आणलेला मेकॅनिक. भाऊजींची तेरवी होऊन दोन आठवडे झाले होते. गिऱ्हाइकाची अट एकच होती, इंजिन आपल्यासमोर उघडायचं. ताईने माझ्याकडे बघितलं. ते इंजिन पाच वर्षांपासून जाम होतं, आणि ते कोणामुळे जाम झालं याचं आमच्या घरात एकच उत्तर होतं : रफीक मिस्त्रीमुळे. मी म्हणालो, "उघडा."

भाऊजी आषाढ संपता संपता गेले. मी यवतमाळला ऑफिसात होतो, शेजाऱ्यांचा फोन आला. एसटीने वणीला पोचलो तेव्हा तिरडी बांधून होत आली होती. दुपारी जेवून ते पडवीत खुर्चीवर बसले, हातात फडकं होतं, आणि तसेच बसून राहिले... ताईला वाटलं, डोळा लागला. त्यांच्याबद्दल चार शब्द लिहावेत असं तेव्हापासून मनात होतं. पण त्या रविवारनंतर नुसते चांगले शब्द लिहिले तर हिशेब अपुरा राहील असं वाटू लागलं. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

भाऊजी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बैलगाडी यार्डात आली की ते वरचा थर बाजूला सारून आतून मूठभर कापूस ओढायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ताणून लांबी बघायचे, तळहातावर दाबून ओल बघायचे आणि ग्रेड सांगायचे. त्या ग्रेडवर भाव. किडका, पिवळा पडलेला, बोंडात गाठाळलेला कापूस असला की एकच शब्द बोलायचे, "कवडी." त्या शब्दाला यार्डात माणसं भ्यायची. पाहून झालेला नमुना परत ढिगावर टाकायचा असतो, पण गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असली की मूठ नकळत खिशात रिकामी व्हायची. संध्याकाळी ताई त्यांना अंगणातच उभं करून खिसे उलटे करायची. "आले पाहा, अर्धी उशी घेऊन आले!" हा कापूस ती दारामागच्या पिशवीत भरून ठेवायची. दिव्याच्या वाती, गाद्यांची डागडुजी, सगळं त्या पिशवीतून चालायचं.

मोटरसायकल आली ती एका जुन्या जंगल ठेकेदाराच्या गोदामातून. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीने लिलावात काढलेल्या विलायती गाड्यांपैकी ती एक. मी दिवाळीला गेलतो तेव्हा भाऊजींनी मोठ्या कौतुकाने पडवीत नेलं आणि म्हणाले, "साळेबुवा, हे मोटरसायकल पाय." मला फ्रेम दिसली, दोन गंजलेली चाकं दिसली. मी विचारलं, "बाकीची कुठं आहे?" त्यांनी कोपऱ्यातल्या तीन बोऱ्यांकडे बोट केलं. ताई आतून ओरडली, "अन् माझी बसायची जागा कुठी हाय ते बी विचार त्यायले!"

त्या बोऱ्यांची मोटरसायकल व्हायला सात वर्षं लागली. भाऊजींना घाई मुळीच नव्हती. एका वर्षी फक्त पुढचं चाक झालं. गंजलेला नट ते तोडत नसत. रॉकेलमध्ये भिजत घालून रोज अर्धा आटा फिरवायचे, आणि तो सुटला की दिवसभर खुशीत असायचे. नागपूरच्या भंगार बाजारातून सुटे भाग आणायचे, न बसणारे परत नेऊन द्यायचे, दुकानदाराशी वाद घालून पुन्हा तिसरेच आणायचे. टाकीचा रंग तीनदा खरवडला, कारण तिन्ही वेळा हिरवा त्यांच्या मनातला निघाला नाही. इंजिन मात्र त्यांना एकट्याने होण्यासारखं नव्हतं. तिथे रफीक आला.

रफीक मिस्त्रीचं लेथचं दुकान चंद्रपूर रोडला आहे. कोळशाच्या ट्रकांची कामं तो करतो. झिजलेलं सिलिंडर आतून तासून पुन्हा बरोबर गोल करायचं आणि त्यात नवा पिस्टन बसवायचा, याला बोअर मारणं म्हणतात. त्यात त्याचं नाव होतं. तोंडाने फटकळ, चहाला साखर जास्त, आणि कुठल्याही गोष्टीवर बोलल्याशिवाय राहायचा नाही. शुक्रवारी नमाज झाली की तो पडवीत यायचा आणि दोघं बोऱ्यांभोवती बसायचे. इंजिनाचे भाग सुटे पडलेले असताना भोकांत धूळ अन् किडे जाऊ नयेत म्हणून भाऊजींनी एकूण एक भोक कापसाने बुजवून टाकलं होतं. गॅरेजवाले अशा वेळी चिंध्यांचे बोळे लावतात, पण भाऊजींच्या हाताला चिंधी कुठून येणार, पिशवी दारामागेच होती. रफीकने ते पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, गाडी हाय का मय्यत? नाकाकानात कापूस काहून कोंबला?" ताईने त्याला चांगलंच झापलं. सगळे हसलो. भाऊजींना तिरडीवर ठेवलं तेव्हा त्यांच्या नाकात कापूस बघून मला नेमकं ते हसू आठवलं, आणि मी तिथून बाजूला झालो.

ही सगळी वर्षं कापसाची वाईट वर्षं. भाव पडलेले, पैसे उशिरा, यार्डात गाड्या चार-चार दिवस उभ्या, बैलांना तिथेच कडबा. लोक ग्रेड वाढवून मागत होते आणि वरून तोंडी सांगणं असायचं की ग्रेड जपून लावा. जपून म्हणजे खाली. कागदावर कोणी काही देत नव्हतं. भाऊजींनी मला एकदाच सांगितलं, "हात एक सांगते अन् लिहा लागते दुसरंच... मग हात कायले लावू मी?" सातव्या वर्षीच्या मोसमात एका बाईने त्यांच्या पुढ्यात ओंजळभर कापूस धरला आणि म्हणाली, "साहेब, कागदावर काय लिहायचं ते लिहा. पन तोंडानं तर खरं सांगा, चांगला हाय का नाई?" भाऊजी म्हणाले, "चांगला हाय." आणि कागदावर खालची ग्रेड लिहिली.  त्यानंतर ते घरी यायचे आणि थेट पडवीत गाडीपाशी जाऊन बसायचे.

त्याच मोसमाच्या शेवटी, गुढीपाडव्याला, मोटरसायकल सुरू झाली. बोअर रफीकने मारला होता, पिस्टन त्याने बसवला होता. बाकी जोडणी भाऊजींची. मजुरीपैकी सातशे रुपये गाडी रस्त्यावर आल्यावर द्यायचे ठरले होते. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, गल्लीतले सगळे जमले. बऱ्याच किका मारल्यावर जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही, भरदार, सावकाश. भाऊजी वरोऱ्याच्या रस्त्याला लागले. आम्ही साखरेच्या गाठी वाटत वाट बघत राहिलो. ते परत आले ते एका टेम्पोत, मागे गाडी आडवी, कोपर सोललेलं. पाचेक किलोमीटरवर इंजिन गपकन आवळलं होतं आणि चाक घसरलं होतं.

रफीक पुढे धावला, "लागलं काय साहेब?" भाऊजींनी त्याचा हात झटकला. गल्लीतले लोक उभे होते, रफीकची बायको आमच्या ताईबरोबर उभी होती. भाऊजी म्हणाले, "तुझं काम कवडी निघालं, रफीक."

रफीक म्हणाला, "मोजून मारला होता ना मी बोअर..."

"मोजता येते का तुले? कवडी!"

  हातातली गाठी रफीकने ओट्यावर ठेवली आणि बायकोला घेऊन निघून गेला. सातशे रुपये त्याने कधी मागितले नाहीत. भाऊजींनी पाठवले नाहीत.

पुढची पाच वर्षं गाडी पडवीत उभी होती. भाऊजी रोज ती पुसायचे, तारा चमकवायचे, पण इंजिनाला पाना लावला नाही. ज्याने तीन बोऱ्यांतून अख्खी गाडी उभी केली त्याला इंजिन उघडणं अवघड नव्हतं. जेठात आमची शेवटची भेट झाली तेव्हा मी सहज म्हणालो, "रफीकला एकदा बोलावून बघू का?" ते टाकी पुसतच राहिले. "शंभर शंभर गाड्या पाहून राह्यलो मी रोजच्या. कवडी ओळखता येते मले." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "तेल तर पुरेपूर होतं... समजत नाई." मी तो विषय वाढवला नाही. आता वाटतं, त्यांना संशय आला असावा. की मीच तो त्यांच्या वतीने घेतो आहे? मला हे ठरवता येत नाही.

तर त्या रविवारी नागपूरच्या मेकॅनिकने इंजिन उघडलं. पिस्टन सिलिंडरला चिकटलेला, भिंतीवर उभे ओरखडे. तो म्हणाला, "बोअर वाईट नाही. हे तेलाविना झालंय." मग त्याने तेलाच्या टाकीतून इंजिनात जाणारी नळी सोडवली, तिच्या तोंडाचा बोल्ट काढला आणि त्याच्या आतल्या भोकात बारीक तार घातली. तारेला काळा, तेलाने माखलेला बोळा लागून आला. त्याने तो फडक्यावर पिळला. बोळ्याच्या आत एक सरकी होती.

दुकानातल्या कापसात सरकी नसते. ताईने तो बोळा बोटांत धरला, सरकी दाबून पाहिली. "हा तर यायच्या खिशातला कापूस," ती म्हणाली, आणि ओट्यावर खाली बसली. जोडणी करताना सगळे बोळे निघाले होते. हा एक एवढ्याशा भोकात खोल गेलेला, राहून गेला होता.

गिऱ्हाईक समजूतदार होतं. म्हणालं, आता माणूसच राहिला नाही, हे बाहेर कशाला जायला पाहिजे. गाडी आहे तशी चाळीसला पक्की. ताई म्हणाली, "गाडीचं मंग पाहू. बाळू, तू रफीकभाऊकडे जा. आत्ता जा."

मी बोळा कागदात गुंडाळून चंद्रपूर रोडला गेलो. रफीक दाढी पिकलेला, एका ट्रकच्या ब्रेक-ड्रमशी खटपट करत होता. मी कागद उघडला, कुठून निघालं ते सांगितलं. त्याने सरकी नखाने फोडली, वास घेतला. मग म्हणाला, "म्हंजे बोअर बराबर होता माझा?"

"बरोबर होता."

"पुन्हा बोला."

मी पुन्हा बोललो. त्याने मागे वळून आतल्या खोलीकडे आवाज दिला, "सुनती क्या! बोअर सही था!" आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. त्याने सांगितलं की त्या पाडव्यानंतर त्याने बोअरचं काम घेणं सोडलं होतं. गिऱ्हाईक आलं की चंद्रपूरला पाठवायचा. "माप घ्याले गेलो की तेच चार-चारदा मोजो, तरी भरोसा नाई बसे, बाबू. वाटे, साहेबाले कापसातला धागा समजते, तर माझी चूक बी समजली असंन." मग एकदम चिडला. "पाच वर्षं! एकदा उघडून पाह्याचं ना त्यायनं! अन् आता तुमाले पाठवलं कायले? मले त्यायच्या तोंडातून आयकाचं होतं." मी बोळा पुन्हा कागदात गुंडाळला.  त्याने चहा मागवला नाही.

ताईच्या बोलावण्यावरून पुढच्या शुक्रवारी नमाजेनंतर तो आला, बायकोला घेऊन. ताईने पाडव्याला हजर असलेल्या शेजाऱ्यांना निरोप धाडला होता. पाच घरची माणसं आली. ताईने सगळ्यांसमोर बोळा दाखवला आणि म्हणाली, "रफीकभाऊचं काम चोख होतं. चूक आमच्या घरची होती. यायनं जे म्हनलं ते मी मागं घेतो." वऱ्हाडी बाई 'घेतो'च म्हणते, पण त्या वेळी मला वाटलं, तिने ते भाऊजींच्या आवाजात म्हटलं. रफीकने आपलं मापाचं यंत्र काढलं, सिलिंडरच्या ज्या भागाला ओरखडे नव्हते तिथे लावलं आणि शेजाऱ्यांतल्या एकेकाला काटा दाखवत फिरला. कोणाला काही कळलं नसेल. प्रत्येकाने मान हलवली.

मी पाकीट पुढे केलं. सातशे मुद्दल, आणि बचत खात्याच्या दराने पाच वर्षांचं व्याज मांडून आणलं होतं. त्याने पाकीट उघडून विचारलं, "हे वरचे कायचे?" मी सांगितलं. "व्याज हराम हाय आमच्यात. हे ठेवा." वरचे पैसे त्याने ओट्यावर ठेवले, सातशे वरच्या खिशात घातले. मी समजलो, झालं. पण तो पुन्हा सिलिंडरजवळ उकिडवा बसला, ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि ताईला म्हणाला, "वैनी, गिऱ्हाइकाले सांगा, महिनाभर थांब म्हना. हे पुन्हा बोअर करा लागते. मी करतो. पन बयाना घेतल्याबिगर हात लावत नाई."

ताईने आतून पाचशेची नोट आणून त्याला दिली. जुने सातशे, नवे पाचशे, मिळून बाराशे रुपये, रफीक मिस्त्रींना रोख. सिलिंडर तो पोत्यात गुंडाळून सायकलवर घेऊन गेला.