मतदार यादीतली सून

माझी सून माझ्याच घरात राहण्यासाठी सरकारकडे अर्ज करायची. दर वर्षी करायची, मुदत संपायच्या आधी करायची, आणि सोबत माझं लाईट बिल जोडायची, कारण घर माझ्या नावावर आहे. याला माझी कधीच हरकत नव्हती. देश म्हटला की नियम असणार. वैताग आला तो नंतर, आणि तो सरकारने आणला नाही, आम्ही घरच्यांनी आणला. दिरांना मी भरपूर बोलून घेतलं आहे आणि इथेही बोलणार आहे, पण सुरुवात माझ्यापासून आहे हे आधीच सांगून टाकते.

सून फिलिपिन्सची. मुलगा मस्कतला एका कारखान्यात मशिनरीच्या देखभालीवर होता, ती तिथल्या हॉस्पिटलात नर्स. हाताला टाके घालायला गेला आणि टाके निघाल्यावरही जात राहिला, एवढंच मला सांगण्यात आलं. लग्न तिच्या देशात नोंदवलं. त्याच सुमारास इकडे आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. मुलगा नोकरी सोडून आला, एमआयडीसीत एका फौंड्रीत लागला, आणि पाठोपाठ ती आली. तिच्या व्हिसावर नोकरी करायला मनाई. मग काय, शिकलेली नर्स आमच्या घरात बसली आणि चौदा महिने तिने ह्यांचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं. एवढे महिने अंथरुणात असलेल्या माणसाच्या पाठीला तिने एक जखम होऊ दिली नाही. जाताना ह्यांनी तिचा हात धरला होता, माझा नव्हे. मला त्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

ती आली तेव्हा गावातल्या लोकांसाठी आम्ही पुन्हा अक्षता टाकल्या. शहराला चिकटलेलं असलं तरी आमचं गाव ते गावच, लग्न डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणी मानत नाही. आणि लग्न म्हटलं की नवरीचं नाव बदलायचं. माझं बदललं, माझ्या जावेचं बदललं, मग हिचं का नको? नाव मीच ठरवलं, मोठ्या हौसेने. ताटात तांदूळ पसरून मुलाने अंगठीने ते काढलं, सुनेने बघितलं, हसली, आणि तिला वाटलं हा एक खेळ आहे. लग्नपत्रिकेवर तेच नाव छापलं. ते मी इथे लिहीत नाही. त्या नावाने तिला पुरेसा त्रास झाला आहे, आणि घरात तर त्या नावाने तिला एकदाही कुणी हाक मारली नाही.

पुढच्याच महिन्यात पत्रिका घेऊन मी रेशन कार्डावर नाव वाढवायला गेले. सून आली की कार्डावर तिचं नाव चढवायचं, यात विचार करण्यासारखं मला काही दिसलंच नाही. लग्नाचा पुरावा म्हणून पत्रिका जोडली. त्यांनी सून कुठली ते विचारलं नाही, मी सांगितलं नाही. केशरी कार्डाच्या आतल्या पानावर निळ्या शाईत मी ठेवलेलं नाव आलं आणि मी ते घरी आणून देवापुढे ठेवलं.

आता दीर. आमचे भावजी ग्रामपंचायतीचे सदस्य. मागे एकदा दोन मतांनी पडले, तेव्हापासून भावकीत कुणाचं पोर अठराचं झालं किंवा सून आली की यांच्या हातात फॉर्म तयार. त्यांनी कार्डाची झेरॉक्स मागितली. मी दिली. का, म्हणून विचारलं नाही. काही दिवसांनी येऊन म्हणाले, "वहिनी, सूनबाईचं नाव यादीत चढवून टाकलं. आता तुमच्या घरात चार मतं हायत."

मला बरं वाटलं. ही कबुली देताना आजही कानशिलं तापतात. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवलं आहे. मतदानाचा हक्क कोणाला असतो, या प्रश्नाच्या उत्तरात ज्या पोरांनी 'भारतीय' हा शब्द गाळला त्यांचा अर्धा गुण मी कापलेला आहे.

मतदानाच्या दिवशी भावजींची जीप दारात आली. सून ह्यांना मऊ भात भरवत होती. तिचं मराठी गावातच शिकलेलं, त्यामुळे आमच्यासारखंच सडेतोड. म्हणाली, "धाकलं मामा, मला चालत न्हाय. मी परदेशी हाय."

"आगं यादीत नाव हाय की तुझं," भावजी म्हणाले. "कोण इचारतंय?"

मी आत जाऊन तिला समजावलं. जा, बटण दाबून ये, थोरांचा मान राखावा. तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आत्या, ते खोटं हाय." आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. मग तिने वाटी उचलली आणि उरलेला भात भरवायला लागली. भावजी आठ दिवस फुगून होते. मीही चार दिवस तिच्याशी तुटकच बोलले.

ह्यांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली होती. परदेशी बायकोला त्यानंतर एका कार्डासाठी अर्ज करता येतो. ते मिळालं की दर वर्षीची मुदतवाढ नाही, कधीही जा, कधीही या, नोकरीही करा. सगळे कागद तिने स्वतः लावले. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, त्यावरचे शिक्के, फोटो. फाईल इतकी नीटनेटकी होती की मी माझ्या वर्गात फिरवली असती. त्या वर्षीच्या मुदतवाढीचा अर्जही त्याच सुमारास टाकला. आणि मग एका सकाळी चौकशीसाठी पोलीस ठाण्यातून हवालदार आले.

माझा जुना विद्यार्थीच निघाला. पोहे झाले, चहा आला. त्याने शेजारी विचारून घेतलं होतं, कुणी वाईट सांगितलं नव्हतं. वहीत लिहिणं संपतच आलं होतं. तेवढ्यात भावजी आले. पोलीस बघून त्यांना वाटलं, आपण वजन टाकायला पाहिजे.

"साहेब, काय काळजी करू नकासा," ते म्हणाले. "पोरगी आता हितलीच हाय. रेशन कार्डात नाव हाय, मतदार यादीत बी नाव हाय की. आनि काय पुरावा पायजे?"

हवालदाराने कप बशीत ठेवला. माझ्याकडे बघितलं. "बाई," तो म्हणाला, "हे मी आता ऐकलं न्हाय असं कसं म्हनू?"

तसं तो म्हणू शकला नाही. त्याला मी दोष देत नाही. खोटं लिहायचं नाही हे त्याला मीच शिकवलं असणार.

झालं. एका बाईची दोन नावं, त्यातलं एक मतदार यादीत, आणि तिथे जाण्यासाठी कुणीतरी फॉर्मवर 'मी भारतीय नागरिक आहे' असं तिच्या नावाने लिहून दिलेलं. खाली सही तिची नव्हती, भावजींच्या ओळखीतल्या कुणाची तरी होती. नव्या कार्डाचा अर्ज थांबला. मुदतवाढ 'विचाराधीन' झाली. जुन्या व्हिसाची तारीख उलटून गेली. अर्ज विचाराधीन असेपर्यंत इथे राहायला हरकत नाही, असं परदेशी नागरिकांच्या कार्यालयातल्या साहेबांनी सांगितलं. पण देशाबाहेर जायचं तर बाहेर जाण्याचा परवाना काढावा लागेल, आणि ती गेली की इथले अर्ज बंद. परत यायचं तर तिकडून नव्याने व्हिसा मागायचा, आणि तिकडे हा मतदार यादीचा प्रश्न विचारला जाणार.

दहाच दिवसांत तिच्या भावाचा फोन आला. आईच्या दोन्ही किडन्या निकामी, डायलिसिस सुरू. भाऊ जहाजावर कामाला, त्याची सुट्टी संपत आलेली. तो गेला की आई एकटी.

तिथून पुढचे पाच महिने मी फक्त भडकलेली आठवते. भावजींना म्हणाले, "तुमच्या एका मतापायी पोरीला आईपास्नं तोडलंत." ते म्हणाले, "वहिनी, झेरॉक्स तुमीच दिलीसा." ते खरं होतं, म्हणून मी आणखी भडकले. मुलगा पाळी बदलून घ्यायचा, रजा टाकायचा, पण बहुतेक वेळा तिच्याबरोबर मीच असायची. तहसील कार्यालयात नाव वगळण्याचा अर्ज केला. त्यावर हरकती मागवतात, मग सुनावणी. हरकत कोण घेणार? पण मागवायच्या म्हणजे मागवायच्या. सुनावणीला गेलो तर साहेब बैठकीला गेलेले. पुढच्या तारखेला साहेब होते, फाईल नव्हती. तिसऱ्या खेपेला दोन्ही होते, आणि सुनेला विचारलं, "मतदान केलंय काय?"

"न्हाय," ती म्हणाली.

नोंदी काढून बघितल्या. तिच्या नावापुढे सही नव्हती, अंगठा नव्हता. तिने त्या दिवशी माझं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हे साहेबांनी एका वाक्यात सांगितलं. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. मी खुर्ची मागितली.

मी स्वतः जबाब लिहून दिला, चार पानी. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, "बाई, एवढं लांबण कशाला? चूक झाली एवढं लिवा." पुन्हा लिहिला, अर्ध्या पानाचा. यादीतलं नाव गेलं. रेशन कार्डातल्या नावावरही आडवी रेघ आली. पण परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पुढे काही हलेना. तिथले साहेब सरळ माणूस. दर वेळी बसायला सांगायचे आणि दर वेळी तेच सांगायचे, "आमच्याकडनं गेलंय. वरनं उत्तर यायला पायजे." वरचा दरवाजा कुठे आहे ते माहीत असतं तर मी तिथेही जाऊन बसले असते.

रोज दुपारी ती आईशी व्हिडिओवर बोलायची. आधी आई खुर्चीत दिसायची, मग उशीला टेकून, मग आडवी. फोन ठेवला की सून माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायचे, "थांब गं. एवढे दिवस थांबलीस, आणखी थोडं. हातातलं घालवू नको." चार-पाच वेळा तरी म्हणाले असेन. मला वाटायचं मी तिच्या भल्याचं सांगते आहे. खरं म्हणजे ती गेली तर परत येईल की नाही, ही भीती माझी होती. ह्यांच्यामागे या घरात मला बोलायला तीच होती.

भावाने वाढवून घेतलेली सुट्टीही संपली आणि त्याला जहाजावर जावंच लागलं, त्या दिवशी माझ्या डोक्यात एक कल्पना आली. तिच्या देशात भारतीयांना चौदा दिवस व्हिसा लागत नाही, असं मुलाने वाचलं होतं. माझा पासपोर्ट आहे, मस्कतला जायचं म्हणून काढलेला. घोळ घालणाऱ्या सासूला तिकडे मोकळं दार, आणि सुनेला इकडे परत यायला बंद. मी तिला म्हणाले, "मी जाते. तू इथे थांब. तुझ्या आईजवळ मी बसते."

ती भाजी निवडत होती. तिला राग आला नाही. "आत्या, तुम्ही चांगल्या हाय," ती म्हणाली. "पन मामा आजारी हुते तवा दुसरी कोन बाई बसवली असती तर तुमाला चाललं असतं?"

मग हात धुऊन म्हणाली, "उद्या परवाना काढायचा."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेलो. साहेबांनी दोनदा विचारलं, "नीट विचार केलाय न्हवं? अर्ज बंद हुतील." तिने मान हलवली. मुलाने सही केली. माझी सही कुठे लागणार नव्हती, तरी मी पेन काढून बसले होते.

परवाना चारच दिवसांत आला. परत येण्याच्या कागदाला महिने लागतात, जाण्याच्या कागदाला चार दिवस. हा हिशोब मी कुणाकडे मांडू?

विमानतळ आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. भावजी गाडी घेऊन आले, आणि उतरताना त्यांनी तिची बॅग स्वतः उचलली. दारापाशी तिने वाकून मला नमस्कार केला. मुलाशी बाजूला जाऊन दोन शब्द बोलली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, जाते."

घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे मीच तिला शिकवलं होतं. दुकानात जातानासुद्धा ती विसरत नसे. मी चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं. मग आठवलं, ही पोरगी खोटं बोलत नाही. मी म्हणाले, "जा."