वाऱ्याला वाट देणारा शेजारी

कुवेतमधल्या सालमियात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा हा रत्नागिरीकर रेसच्या जुन्या गाड्यांच्या सीटा शिवतो. टोकदार नाकाच्या, मागे उंच पंख असलेल्या त्या गाड्या वारा कापायलाच बनवलेल्या. त्यांच्या संगतीत यालाही तीच खोड लागली. जिन्यातसुद्धा मान खाली घालून तिरका चालतो, बाजाराच्या पिशव्या पाठीमागे धरतो. विचारलं की म्हणतो, "वारा अडतो रे."

यंदा जुन्या रेसवाल्यांच्या मेळाव्याला त्याने मला ओढून नेलं. समुद्राकाठच्या पार्किंगमध्ये पांढरे पायघोळ दिशदाशे घातलेले म्हातारे कोण कधी जिंकलं यावरून भांडत होते. त्यांतले सर्वांत वयस्कर हाजी हेल्मेट घालून आपल्या गाडीत बसले आणि इंजिन काही चालू होईना. त्यांच्या मुलांनी गाडी विकायची ठरवली होती, त्यामुळे ही शेवटचीच फेरी. हाजी उतरायला तयार नव्हते.

मग याने आम्हा सगळ्यांना गाडी ढकलायला लावली. जरा पुढे जातो न जातो तोच माझ्यावर ओरडला, "ताठ काय उभा राहतोस? वाक! वारा अडतोय!" आम्ही सगळे कमरेत वाकलो. एक मांजर आम्हाला मागे टाकून निवांत पुढे गेलं.

फेरी संपल्यावर हाजींनी हेल्मेट काढून हिंदीत विचारलं, "स्पीड कितना था?"

"दो सौ, हाजी."

हाजींनी समाधानाने डोळे मिटले. मी याच्याकडे बघतच राहिलो.

"बघतोस काय?" तो मराठीत पुटपुटला. "वारा मागून होता."