पायथ्याची फळी

जुनं लाकूड दिसलं की मी गाडी थांबवते. अमरावतीच्या राजापेठेत भर गर्दीत, मागचे लोक हॉर्न वाजवून माझा उद्धार करत असताना, पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून चौकटीचं टोक दिसलं म्हणून मी दुचाकी मध्येच आडवी घातलेली आहे. नवरा म्हणतो, "लगन केलं तवा मास्तरीन होती, आता भंगारवाली झाली बापा." म्हणू दे. तो ज्या टेबलावर जेवतो ते शिलाई मशीनच्या पायांवर उभं आहे आणि ज्या बाकावर बसून मला नावं ठेवतो तो बंद पडलेल्या एका शिकवणी वर्गातून आणलेला आहे. जुन्या सागावर रंधा फिरवला की जो वास सुटतो तो दुकानातल्या चकचकीत प्लायवुडला सात जन्मांत यायचा नाही.

अकोल्याला आई मोरीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, जमिनीवर झोपणं बंद, पलंग उंच आणि टणक हवा, पाय सरळ ठेवायचा, नाहीतर गुडघा आखडेल आणि मग चालणं विसरा. आई जन्मभर खाली गादी टाकून झोपलेली. भाऊ दुकानातून पलंग आणायला निघाला, पण मी त्याला फोनवरच अडवलं. आईचा पलंग मीच करणार. माझ्या आईला मी भुशाच्या दाबलेल्या पाट्यांवर झोपू देणार नाही, असं काहीतरी मी तावातावाने बोलले.

अमरावतीत जुन्या लाकडाचा एक व्यापारी आहे, त्याच्याकडे माझं नेहमीचं जाणं. त्याने एका जुन्या घराची अख्खी चौकट दाखवली. "ताई, असली मेलघाट का सागवान है. घिसो, सोना निकलेगा." खरंच निघालं. उभ्या बाजूंचे पलंगाचे पाय झाले, वरच्या पट्टीची उशाशी फळी झाली. सगळ्यात रुंद, जाड आणि देखणा तुकडा होता तो खालचा, म्हणजे उंबरठा. मला माहीत होतं तो उंबरठा आहे. इतका चांगला साग वाया घालवायचा कशाला म्हणून मी तो पायथ्याला आडवा लावला. जुन्या दारांना बिजागऱ्या नसत, दाराचा खुंट उंबरठ्यातल्या खळग्यात फिरायचा. तसे दोन खळगे त्यात होते. ते मी भुसा आणि डिंक कालवून बुजवले, घासले, पॉलिश केलं. नवरासुद्धा हात फिरवून म्हणाला की हे मात्र झकास झालं.

आईची खोली लहान म्हणून पलंगाची लांबी मी बेताचीच ठेवली होती. मालवाहू गाडीत तो घालून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला नेला. शेजारणी बघायला आल्या. मी प्रत्येकीला सागाच्या रेषा दाखवत होते. आईने फळीवरून हात फिरवला, त्या बुजवलेल्या दोन गोल खुणांपाशी तिची बोटं जराशी थांबली. "चांगला झाला बाई," एवढंच म्हणाली. मला वाटलं, दमली असेल.

पुढे रोज फोन. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी वहिनीकडे तक्रार करायची की पाय सरळच होत नाही, गुडघा वाकलेलाच राहतो. वहिनी मला सांगायची आणि मी आईवर डाफरायचे. "तू व्यायाम करत नाहीस. आळस करतेस. असंच केलंस तर आयुष्यभर या खोलीत पडून राहशील." आई ऐकून घ्यायची. शेवटी म्हणायची, "करून राहिली ना बाई. दुखते." हाडाचं दुखणं, दुखणारच, असं मी स्वतःला समजवायचे आणि फोन ठेवायचे.

एका रविवारी दुपारी मी न कळवता गेले. आई झोपली होती. पांघरुणाखाली दोन्ही गुडघे पोटाशी घेतलेले, थंडीत झोपावं तशी, आणि बाहेर अकोल्याचं ऊन. मी पांघरूण काढलं आणि ऑपरेशनचा पाय हलक्या हाताने सरळ करू लागले. टाच पायथ्याच्या फळीला टेकणार, तोच झोपेतच तिने पाय इतक्या जोराने मागे ओढला की ती कळवळून जागी झाली. दोन्ही हात आपोआप कपाळाशी गेले. फळीला नमस्कार केला तिने.

मग मला सगळं समजलं. उंबरठ्याला पाय लागू नये म्हणून ती पाय आखडून झोपत होती.

"तुला माहीत होतं?"

"पह्यल्याच दिवशी. माहेरी रोज सकाळी उंबरठा म्याच धुवत होती, त्याच्यावर कुंकू लावत होती. ते भोकं मले नाई ओळखू येनार?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू एवढी मेहनत केली. साऱ्यायले दाखवून राहिली होती. काय सांगू?"

माझा संताप उफाळून आला. तिच्यावर, माझ्यावर, त्या व्यापाऱ्यावर, सगळ्या सागवानावर. मी ओरडलेच. म्हटलं, आता तो उंबरठा राहिलेला नाही, घर पाडलं, दार गेलं, ज्यांचं होतं ते लोक कुठे गेले देव जाणे. लाकूड आहे ते नुसतं. ती म्हणाली, "मले समजते वो. लाकूडच हाये. पन पाय जात नाई. मी का करू? जागी असली की ठेवायचा म्हनतो, तरी नाई जात." तिच्या आवाजात हट्ट नव्हता. हट्ट असता तर मी भांडले असते. ती स्वतःच्या पायाची तक्रार माझ्याकडे करत होती.

"मग डोकं इकडे आणि पाय तिकडे करून झोपायचं होतं."

तिने उशाकडच्या भिंतीकडे बघितलं. तिथे देव होते.

उंबरठ्यावर पाय देऊ नये, बसू नये, शिंक आली तर पाणी शिंपडावं, हे सगळं मी याच आईकडून ऐकत मोठी झाले आणि मोठी झाल्यावर त्याला हसले. पण खरं सांगते, मी स्वतः रंधा मारताना त्या तुकड्यावर कधी पाय रोवला नव्हता. इतर फळ्या पायाने दाबून कापते. हा तुकडा मी बाकाला शिकंज्यात आवळून कापला होता, आणि तसं का केलं हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

भावाचा पेचकस घेऊन मी फळी तेव्हाच काढली. चार स्क्रू तर होते. पलंग पायथ्याला उघडा झाला आणि आईने पाय हळूहळू लांब केला, जितका होईल तितका. तो पूर्ण सरळ झाला नाही. संध्याकाळी आलेली व्यायामवाली मुलगी म्हणाली, बघू, वेळ लागेल. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, त्यावरूनच मी काय ते समजले. मला रडू आलं. आईच उलट मला समजावत बसली की पलंग खरंच चांगला आहे, पाठ दुखत नाही.

आता ती वॉकर घेऊन खोलीभर चालते. स्वयंपाकघरात जाते, भाजी निवडते, वहिनीशी वाद घालते. घरातल्या घरात बरं चाललं आहे. अडतं ते बाहेरच्या दाराशी. तिथे काळ्या दगडाचा उंबरठा आहे, तिने लग्न होऊन आल्यापासून रोज पुजलेला. चांगला पाय ती पलीकडे टाकते, पण आखडलेला पाय तेवढा उचलला जात नाही. ओलांडता येत नाही आणि वर ठेवायचा नाही. धरून उचलून नेऊ म्हटलं तर म्हणते, बाहेर जाईन तर माझ्या पायांनी जाईन, लोकांच्या हातांवर एकदाच जायचं असतं.

गेल्या महिन्यात मी मोजपट्टी घेऊन गेले. दोन्हीकडून उतार असलेली एक फळी करायची, उंबरठ्यावरून बसवायची, वॉकर सरळ बाहेर. उंबरठ्याला पाय लागणारच नाही, तो खाली झाकलेला राहील. मी बाहेर बसून मापं घेत होते. आई आतून वॉकरला धरून बघत होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"फळीखाली दडवला म्हंजे तो तिथं नाई का?" ती म्हणाली. "मले तर माईत राईन ना, खाली तो हाये."

मी मोजपट्टी गुंडाळली. आई बाहेरच्या रस्त्याकडे थोडा वेळ बघत राहिली, मग आत वळू लागली. वॉकर घेऊन वळायला तिला फार वेळ लागतो. तेवढा वेळ मी दारात, उंबरठ्याच्या बाहेर उभी होते आणि मला काहीही करता येत नव्हतं.