उशिरा पडणारा गिअर

माझा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला. पुढे डॉक्टर होऊन अमरावतीत प्रसूतिगृह काढलं, तेव्हा या पायानं क्लच दाबणं जमायचं नाही, म्हणजे गाडी चालवणं आपल्या नशिबात नाही, हे मी धरूनच चालले होते. एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास अकोल्याच्या एका गिरणीतले साहेब नोकरी सोडून मायदेशी निघाले आणि त्यांनी आपली जुनी अमेरिकन गाडी विकायला काढली. तिला क्लचच नव्हता. गिअर आपोआप बदलायचे. एक पाय पुरत होता. मी ती घेतली आणि दर गुरुवारी चांदूर रेल्वे या गावी बायका तपासायला जाऊ लागले. कुणाची मिनतवारी नाही, कुणाची वाट पाहणं नाही.

दीडेक वर्ष गाडी नीट चालली. मग एका उन्हाळ्यात पेट्रोल अडकायला लागलं म्हणून गॅरेजमध्ये तिचा कार्ब्युरेटर साफ करून घेतला. गाडी घरी आली त्याच दिवशी मी पंधरवड्यासाठी रेल्वेनं नागपूरला बहिणीकडे गेले. परतल्यावर पहिल्याच गुरुवारी लक्षात आलं की गिअर बदलतच नाही. पूर्वी काटा वीस मैलांच्या आसपास आला की तो हलकेच बदलायचा. आता इंजिन किंचाळत राहायचं, पस्तीस व्हायचे, चाळीस व्हायचे, आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखा हिसका बसून गिअर पडायचा. रस्त्यातली बैलं बुजायची. गाडीवान माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचे ती मला अजून आठवते.

गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडून मी आधी गिअरच्या डब्यातलं तेल पाहिलं. इंजिन गरम असताना तेल मोजायची पट्टी ओढून पाहायची असं त्यात लिहिलं होतं. तेल पुरेसं होतं, लालसर, जळका वास नाही. मग गॅरेजवाल्याकडे गेले.

"बाई, गाडीले काई झालं नाई," तो म्हणाला. "तुमी पाय जोरानं देऊन राहिल्या."

"मी पाय अगदी हलका ठेवते."

"लेडीज लोकांले अंदाज नसते त्याचा."

त्याला म्हटलं, तुम्हीच चालवून बघा. त्यानं बडनेऱ्याच्या रस्त्यावर एक चक्कर मारली. मी शेजारी बसले होते. त्याच्याही पायाखाली इंजिन तसंच किंचाळलं आणि गिअर चाळिसावरच पडला. उतरून हात पुसत तो म्हणाला, "जुनी गाडी हाय. असंच होते."

आपलं आधीचं बोलणं तो एका चकरेत विसरला, याचा मला गाडीपेक्षा जास्त संताप आला.

नंतर कुणी सांगितलं म्हणून अकोल्याला गेले. दवाखान्यातले वयस्क कंपाउंडर सोबत होते. तिथला गॅरेजमालक सगळा वेळ त्यांच्याशीच बोलत होता. गाडी माझी, चालवत आणली मी, प्रश्न मी विचारत होते, आणि उत्तरं कंपाउंडरना मिळत होती.

"डबा खाली उतरवा लागन," तो त्यांना म्हणाला. "सामान मुंबईहून येईन. दोन-अडीच महिने धरा."

"मोडलंय काय?" मी विचारलं.

"ते उघडल्यावर समजन."

पेशंटला टेबलावर घेऊन, पोट उघडल्यावर काय ते कळेल, असं मी म्हटलं असतं तर लोकांनी माझा दवाखाना बंद पाडला असता. मी गाडी वळवली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे इंजिन पुन्हा किंचाळायला लागलं. वैतागून मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललाच. काटा पंचविसावर होता, आणि त्या क्षणी गिअर पडला. मी गाडी हळू करून पुन्हा तसंच केलं. पाय ठेवला की अडून बसायचा, काढला की पडायचा. पाच-सहा वेळा केलं तेव्हा कंपाउंडर घाबरून म्हणाले, "बाई, आता सरळ घरी जाऊ."

म्हणजे डबा धडधाकट होता. गिअर बदलायची त्याची तयारी होती, कुणीतरी त्याला थांबवत होतं. दुसऱ्या दिवशी मी हे मोठ्या उत्साहानं गॅरेजवाल्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे पाय उचलत जा," तो म्हणाला.

दवाखान्यात परतून मी गाडीचं दार असं आपटलं की व्हरांड्यातल्या बाया उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यात एक जिनिंग फॅक्टरीतला फिटर बसला होता. त्याची मुलगी दोन दिवसांपूर्वी माझ्याकडे बाळंत झाली होती. तो जवळ आला.

"काय झालं, बाई?"

मी सगळं सांगितलं, अगदी पाय उचलण्यापर्यंत. त्यानं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

"अशी गाडी म्या पायली नाई," तो म्हणाला. "पन आमच्या इंजिनाले बी समजलं पायजे, लोड किती अन् स्पीड किती. तुमी पाय किती दाबला, हे या डब्याले कोन सांगते?"

त्यानं बॉनेट उघडायला लावलं आणि मला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. मग गाडीखाली सरकला. कार्ब्युरेटरपासून एक बारीक सळई डब्याच्या बाजूच्या दांडीपर्यंत जात होती.

"हे काढली होती का कोनी?"

"कार्ब्युरेटर साफ केला तेव्हा काढली असेल."

"चुकीच्या आट्यावर बसवली. तुमचा पाय वरतंच हाय, अन् हे त्याले सांगते का अर्धा दाबला."

मी तिथेच पायरीवर बसले. कधीपासून दुखतं, त्याआधी काय झालं होतं, हे मी रोज पन्नास बायकांना विचारते. गाडीच्या बाबतीत तो प्रश्न मी स्वतःला तीन महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.

त्यानं पान्यानं सळईचे आटे फिरवले. आम्ही बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलो. गिअर आता इतका लवकर पडला की इंजिन कण्हायला लागलं. रस्त्याकडेला थांबून त्यानं दोन आटे परत फिरवले, मग आणखी अर्धा. चौथ्या खेपेला काटा वीसच्या जरा पुढे गेला आणि गिअर बदललेला मला कळलासुद्धा नाही.

"बस," तो म्हणाला. "आता याले कोनाले हात लावू देऊ नका."

त्या गुरुवारी मी चांदूरला गेले. थंडीतल्या सकाळी पहिल्या मैलात गाडी थोडी अडायची, ते पुढेही राहिलं. त्यावर त्या फिटरलाही उपाय सापडला नाही. गॅरेजवाल्याला मी सळईचं जाऊन सांगितलं. चूक त्याची होती हे त्यानं कबूल करावं, एवढीच अपेक्षा होती. तो माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "आता बराबर पाय देऊन राहिल्या तुमी." मी गाडी सुरू केली आणि दवाखान्यात आले. सात बायका ताटकळत होत्या.